हक्कातला अर्धा क

गुरुजी, काल काय काय आलं ते आधी लिहिते, कारण आधी यादी आणि मग गाऱ्हाणं ही सवय तुम्हीच लावली. टपालानं एक जाड पाकीट आलं. त्यात कोरी कार्डं बारा, इंग्रजी मजकुराचा नमुना एक, आणि एका मुलीचा फोटो. पाठवणारीनं तिकिटं कमी लावली होती, म्हणून पाकीट बैरंग आलं आणि पोस्टमनला वीस रुपये देऊन सोडवावं लागलं. परदेशी टपालाच्या तिकिटांचं वेगळं. ते मी सोमवारच्या उपवासातून काढते. साबुदाणा-शेंगदाणे न खाता नुसत्या ताकावर राहायचं आणि वाचलेले पैसे देवघरातल्या डब्यात टाकायचे. आणि पोस्टमन यायच्या तासभर आधी आणखी एक आलं, त्याला तिकीट नव्हतं. चौदा वर्षांची एक पोरगी, तिचं दप्तर, कपड्यांचं गाठोडं आणि पायलीभर ज्वारी. तिची काय किंमत पडली ते सांगायला हे लिहायला बसले. दुपारची भांडी तशीच पडलीत, पडू द्या.

कार्डांचं तुम्हाला कळणार नाही, तुम्ही गेल्यानंतरचं आहे. बीडच्या एका संस्थेतली ताई आमच्या बचत गटात येते. जगात कुठं कुणाला नाहक कोंडलं, कुणाचं तोंड बंद केलं, की तिथल्या सरकारला चार ओळींचं पत्र लिहायचं. असं ठिकठिकाणची माणसं लिहितात. हजार पत्रं टेबलावर पडली की साहेबाला कळतं, कुणीतरी बघतंय. पहिल्यांदा बायका हसल्या. "आपल्या गल्लीतली मोरी तुंबलीय, तिचं लिव्हा आधी," म्हणाल्या. मी मात्र लिहायला लागले. चार वर्षं झाली. एका दूरदेशच्या मास्तरणीसाठी लिहिलं होतं, ती सुटली. तसं कळलं त्या दिवशी मी लिंगपूजा झाल्यावर एक बेलपान जास्त वाहिलं. ताई म्हणते, आजी, तुमच्यासारखं वळणदार अक्षर आमच्या ऑफिसात कुणाचं नाही. अक्षर तुमचं, गुरुजी. तुम्ही वळवलेलं. म्हणून तर राग येतो.

तुमच्या नावाची कमान आहे आता शाळेला. सव्वीस जानेवारीला हार घालतात. मागच्या वर्षी मलाही बोलावलं होतं, तुमची विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोलायला. मी बोलले, तुम्ही शुद्धलेखनाला किती कडक होता ते. लोक हसले. ती गोष्ट मी नेहमी सांगते, पण अर्धीच सांगते. आज पुरी लिहिते.

नागरिकशास्त्राचा तास आहे. तुम्ही खिडकीशी उभे राहून सांगताय, प्रत्येक माणसाला जगण्याचा हक्क आहे, आणि आम्ही वहीत उतरवतोय. मी लिहिलं 'हक'. आमच्याकडं सगळे तसंच म्हणायचे, निजामाच्या वेळेपासून जिभेवर बसलेलं. वावरातला हक, भावाभावातला हक. तुम्ही पट्टी उभी धरून माझ्या पेरांवर मारलीत. "अर्धा क कुठं गेला? खाल्लास? ज्याला हक्क पुरा लिहिता येत नाही, त्याला तो पुरा मिळत नाही. शंभर वेळा लिहून आण." तुमचं ते वाक्य मी कमानीखाली उभं राहून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

शंभर वेळा मी लिहिलं नाही. बोटं सुजली होती. साठ मी लिहिले, चाळीस माझ्या मैत्रिणीनं. आम्ही दोघी एकाच पंचमीच्या. नागपंचमीला सकाळी ती झाली, दिवस मावळायला मी, आणि सुईण एकच. ती वर्गात पहिली, मी दुसरी. तिचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण त्या दिवशी तिनं माझ्या वळणाची हुबेहूब नक्कल केली. एकेक काना माझ्यासारखा, क ची गाठ माझ्यासारखी. तुम्हाला ओळखू आलं नाही. आम्ही दोघी लिंबाखाली पोट धरून हसलो होतो.

आता दुसरी अर्धी. शनिवारची सकाळची शाळा सुटलीय आणि तुम्ही मला थांबवलंय. ऑफिसात मैत्रिणीचा बाप टोपी हातात घेऊन उकिडवा बसलाय. त्या सालात कायद्यानं लग्नाचं वय नुकतंच वाढवून अठरा केलं होतं, पलीकडच्या एका गावात मांडवात पोलीस आले होते, म्हणून त्याला कागद पाहिजे होता. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोन माणसं, पण हत्यार एक, म्हणून मोजणीही एकच. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम घेत नाही. ठरवलेल्या नवऱ्यामुलाला दिवाळीच्या आत जोडी पाहिजे होती. हे सगळं तुम्ही दोघं माझ्या देखत बोलत होता. मी तेरा वर्षांची, म्हणजे माझी मैत्रीणही तेराच वर्षांची.

तुम्ही शाळा सोडल्याचा कोरा दाखला माझ्यापुढं सरकवलात. तिचं नाव मी लिहिलं. मग जन्मतारीख. तुम्ही साल सांगितलंत आणि माझा टाक थांबला.

"गुरुजी, आम्ही दोघी एकाच पंचमीच्या आहोत."

"तुला विचारलं का? लिही."

तिचा बाप म्हणाला, "लिव्ह माय, लिव्ह. पोरीचं भलं व्हईल."

मी आकड्यांत लिहिलं. खाली दुसरी ओळ होती, जन्मतारीख अक्षरी. तुम्ही म्हणालात, "अक्षरी नीट लिही. खाडाखोड नको." मी अक्षरी लिहिलं, एक ठिपका इकडचा तिकडं न करता. पाच वर्षं एका ओळीत लिहून टाकली. तुम्ही सही केलीत, शिक्का मारलात, शिक्क्यावर फुंकर घातलीत. बाहेर ती लिंबाखाली माझं दप्तर सांभाळत उभी होती. "काय लिव्हत व्हतीस गं येवढा येळ?" मी म्हणाले, "काही न्हाई, शेरे." सोमवारी तुम्ही सगळ्या वर्गासमोर मला शाईचा पेन दिलात, सुंदर अक्षराबद्दल. तिची जागा मोकळी होती. त्याच पेनानं मी मॅट्रिक झाले.

गुरुजी, तुम्ही वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाचा राग सोपा असतो. तुम्ही पावसाळ्यात गळक्या घरच्या पोरांना शाळेत झोपू द्यायचात. माझ्या वडिलांना समजावून तुम्ही मला दहावीपर्यंत नेलंत. मग तिच्या बापाला का नाही समजावलंत? माझा बाप दुकानदार आणि तिचा बाप तोडकरी म्हणून? हक्क काय दुकान बघून मिळतो? अर्धा क खाल्ला म्हणून माझी बोटं सुजवलीत, आणि स्वतः एक अख्खी पोरगी गिळलीत. ढेकरसुद्धा दिला नाहीत. पुन्हा दुसऱ्या सोमवारी तोच तास, तेच पुस्तक, तोच आवाज. कसा फुटला आवाज?

तिचं पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत असणार, गाव एकच. पण तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगते. पहिलं लेकरू पालावर झालं आणि पालावरच गेलं. काम एक दिवस चुकलं की खाडा पडतो, उलटा दंड भरावा लागतो. बाईला तर दर महिन्याला खाडा. सव्विसाव्या वर्षी तिनं गर्भाची पिशवीच काढून टाकली, टोळीतल्या निम्म्या बायकांनी काढली होती तशी. डॉक्टरनं वय विचारलं, तर दाखल्याप्रमाणं एकतीस. एकतिशीला चालतंय म्हणाला. ते माझं अक्षर, गुरुजी. माझ्या एका ओळीनं तिथपर्यंत जाऊन काम केलं.

आणि ती हसायची. या उन्हाळ्यातसुद्धा हसली होती. वयाच्या कागदावर तिला पुढच्या वर्षी निराधारचा पगार बसतो. "बघ की," म्हणाली, "तुज्या आधी पाच वर्सं मला सरकारचा पगार. आपुन एका पंचमीच्या, पर मी थोरली निघाले. पाया पड." मी हसले. खरंच पाया पडायला पाहिजे होतं.

दसऱ्याच्या आधी ती माझ्याकडं आली. मी स्वयंपाकघरात शेंगा फोडत होते. ती उंबऱ्यावर बसली आणि कनवटीतून घडी केलेला कागद काढला.

"फारम भरायचाय."

"कशाचा?"

"नातीचं वय दुरुस्त करायचंय. अठरा पुरी झाली आसं लिव्ह. शिक्क्याचं मुकादम बघतो म्हनलाय."

नात नववीत आहे. तिची आई, म्हणजे मैत्रिणीची सून, दोन वर्षांपूर्वी उसाच्या फडात पान लागून, म्हणजे साप चावून, गेली. तेव्हापासून मैत्रिणीचा लेक अर्धा कोयता. अंगावर उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, पुऱ्या जोडीची घेतलेली. मुकादम म्हणाला, पोरीचं लगीन टोळीतल्या पोराशी लावा, एक नवा कोयता उभा राहील, मग तुझा अर्धा चालवून घेतो.

मी विचारलं, "कावून गं? तू असं करायचं? तू?"

"कावून म्हंजे? तुला काय नवीन हाय का? एकदा लिव्हलंस की."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"माज्या दाखल्यावरचं अक्षर मला वळखू यायचं न्हाई व्हय? चाळीस येळा हक्क लिव्हलाय मी तुज्या अक्षरात."

शेहेचाळीस वर्षं, गुरुजी. शेहेचाळीस वर्षं तिला माहीत होतं. माझ्या बाळंतपणात ती येऊन न्हाऊ-माखू घालून गेली. माझ्याबरोबर कार्तिकात कपिलधारला चालत आली, एका भाकरीचे दोन तुकडे केले. आणि तिला माहीत होतं. मी म्हणाले, मला वाटलं तू... तर म्हणाली, "न्हाई गं, तुजा काय दोष? मास्तरनं सांगितलं, तू लिव्हलंस. आता मी सांगते, लिव्ह."

मी उठले, हात धुतले, पेन घेतला. कागदावर रकाना होता, जन्मतारीख अंकी, आणि खाली अक्षरी. मी खरी तारीख घातली. अंकी आणि अक्षरी. शाईनं.

कागद फिरवून तिच्याकडं केला. विसरलेच होते, ती वर्गात पहिली होती. तिनं बोट न लावता वाचलं.

"वाचता येतं मला अजून," ती म्हणाली. मग आवाज चढला. "कुठल्या मुलखातल्या पोरींसाठी कारडं लिव्हतीस. त्यांचं कागद करायला उपास धरतीस. अन् माज्या दारातला कागद खराब केलास व्हय गं? तुला काय जातंय? तुज्या घरात कोन कोयता धरतंय? म्या ह्या पोरीला एकलीला घरात ठिवून जाऊ? सहा म्हैने? गल्लीत बाप्ये न्हाईत का? तुजी कारडं येतेत का राखणीला?"

त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं: माझ्याकडं ठेव. दोन शब्दांचं काम. मी नाही बोलले. खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात सहा महिन्यांची ज्वारी मोजत होते. तिला ते दिसलं. तिनं कागदाचे चार तुकडे केले, चुलीत टाकले आणि गेली.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, तुमच्या कमानीखालून. आताच्या मोठ्या बाईंना सांगितलं, असं असं ठरतंय. बाई तरुण आहेत, पाटोद्याहून येतात. त्यांनी रजिस्टर उघडून नातीची तारीख पाहिली, ग्रामसेवकाला लेखी दिलं आणि खाली माझी साक्ष म्हणून सही मागितली. मी केली. अक्षर बिघडलं. आयुष्यात पहिल्यांदा बिघडलं. दूरच्या देशाच्या सरकारला लिहिताना कधी बिघडलं नाही हो. ते सरकार काय माझ्या दारात येणार होतं? इथं मुकादम दारात आला. "वैनी, तुमी देवाधर्माच्या. दुसऱ्याच्या संसारात पाय कशाला घालता?" आमचे मालक आतून म्हणाले, "मी सांगितलंच होतं, ती कार्डं एक दिवस घर पेटवतील." मी मुकादमाला म्हणाले, "पाय न्हाई घातला, सही घातलीय. वाचायला येती का बघा." तो गेला. लग्न मोडलं. मला वाटलं, जिंकले.

जिंकण्याचा हिशेब काल कळला. उचल पुऱ्या जोडीची होती, अर्धा कोयता मुकादम नेणार नव्हता. मग दुसरं अर्धं ती झाली. लेकाच्या जोडीनं. एकोणसाठ वर्षांची माझी मैत्रीण, कागदावर चौसष्ट, कंबरेतून वाकलेली, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकची फळी चढणार आहे. काल सकाळी वेशीत ट्रक उभा होता. ती नातीला हाताला धरून माझ्या ओट्यावर आली. कागद फाडला त्या दिवसापासून बोलली नव्हती. मी म्हणाले, "तू नको जाऊस गं. काहीतरी करू." ती म्हणाली, "काय करशील? कारड लिव्हशील?"

मग गाठोडं उंबऱ्याच्या आत सरकवलं. पोरगी रडत होती. तिला म्हणाली, "गप. हितं पुरं शिकायचं. हिच्याकडनं अक्षर घे, बाकी काय घिऊ नको." उधारी फेडल्यासारखी ज्वारी मोजून दिली आणि चालायला लागली. मागं बघितलं नाही. मी पायरीवर उभी राहून हाक मारली, ट्रकच्या आवाजात ती ऐकू गेली की नाही, माहीत नाही.

पाकिटातला फोटो मी काल तसाच ठेवला. कुठल्या तरी देशातली सोळा वर्षांची मुलगी, वय वाढवून लग्न लावलेलं, पळाली म्हणून कोंडलेली. कार्डं मी लिहिणार आहे, बाराही लिहिणार आहे. मैत्रीण म्हणते तशी ती कार्डं राखणीला येत नाहीत हे खरं, पण कुणीतरी तिकडूनही आमच्याकडं बघायला पाहिजे ना. एखाद्या परक्या बाईनं तुमच्या ऑफिसात असं एक कार्ड पाठवलं असतं, की गुरुजी, ती पोरगी तेरा वर्षांची आहे, आम्हाला माहीत आहे, तर तुमचा शिक्का थांबला असता का? मला वाटतं थांबला असता. तुम्हाला लाजायची फार सवय होती. म्हणून मी लिहिते. पण ताईला सांगणार आहे, आता नमुना माझा. आधी गल्लीचं एक पत्र, मग जगाचं एक. तालुक्याला, जिल्ह्याला, कारखान्याला. नवरा-बायकोला एक कोयता मोजायचं बंद करा, माणसं मोजा, असं लिहिणार आहे, अंकी आणि अक्षरी. मालक म्हणतात, तिकिटाला पैसे कुठून आणशील? गुरुवारचाही उपवास धरीन.

नात आत बसून अभ्यास करतेय. मघाशी डोकावले. गणितात आजीवर गेलीय, तोंडी सोडवते. अक्षर मात्र कोंबडीचे पाय. मी हात धरून वळवायला गेले आणि मागं घेतला. असू दे तसंच. कुणी तिला दाखला लिहायला तरी बसवणार नाही.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या पत्त्यावर कमान आहे. वहीत घालून ठेवीन.

एक राहिलं, ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, देवापुढंही नाही. त्या सोमवारी तुम्ही पेन दिलात, टाळ्या वाजल्या, आणि तिची जागा मोकळी होती. मी त्या जागेकडं पाहिलं आणि मला बरं वाटलं. आता पहिला नंबर माझा, असं मनात आलं. वार्षिक परीक्षेत तो आलाही. तेव्हा गुरुजी, दाखला लिहायला तुम्ही मलाच का बसवलंत? माझं अक्षर चांगलं होतं म्हणून, की वर्गात दुसरी कोण आहे हे तुम्हाला माहीत होतं म्हणून? बाकी काही लिहू नका. एवढंच उलट टपाली कळवा.